मुकादमाची चटई

एक बूट दाराशी होता. दुसरा पलंगाखाली होता, आणि पलंगाखाली मुकादमही होता.

"बाबा, काढा ना त्याला बाहेर. माझी सातची गाडी जाईल," मुलगी एका पायावर उभी राहून म्हणाली.

भोंगेकाका आधी गुडघ्यांवर बसले, मग हातांवर आले आणि मग त्यांनी पलंगाखाली मान घातली. मुकादम पार भिंतीला टेकून बसला होता. बूट त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये सरळ ठेवलेला. मुकादम बूट कुरतडत नसे, तेवढं त्याच्या बाजूनं सांगायला हवं. तो नुसता राखत बसे.

"दे रे," काका म्हणाले. "जाऊ दे तिला. उशीर होतोय."

मुकादम गुरगुरला. एरवी हा कुत्रा साधा होता. दूधवाला, पोस्टमन, शेजारची मांजर, कोणाशीच त्याचं वाकडं नव्हतं. घरात येणाऱ्याचं तो शेपटी हलवून स्वागत करायचा. बिनसायचं ते माणूस जायला निघाला की.

मुलीला दम निघेना. ती वाकली आणि हात घालून तिनं बूट ओढला. मुकादमानंही ओढला. त्या ओढाताणीत त्याचा दात तिच्या मनगटाला लागला. रक्त असं आलंच नाही, एक लाल रेघ उमटली. पण ती रेघ बघून मुलगी गप्प झाली. ओरडली असती तर परवडलं असतं. तिच्या आईचंही असंच होतं. आवाज चढला की काही नसायचं, गप्प बसली की समजून जायचं.

"त्याची इंजेक्शनं झालीत सगळी," काका म्हणाले.

"इंजेक्शनांचं राहू द्या." तिनं नळाखाली मनगट धरलं. "मी आता शेवटचं सांगते. हा असा आहे तोवर मी बाळाला या घरात आणणार नाही."

"बाळाला तो काही करायचा नाही गं."

"मलाही काही करणार नव्हता ना?"

नात झाली तेव्हा ते एक दिवस जाऊन तिला बघून आले होते. तेव्हा नुसतं नाक आणि मूठ दिसली होती. बाकीची नात त्यांनी फोनच्या काचेवरच पाहिली होती. ती आता बसायला लागली होती, आणि काकांनी तिच्यासाठी एक घोंगडी धुऊन, वाळवून, कपाटात घडी करून ठेवली होती.

मुलगी बूट घालून गेली. तिला गाडी मिळाली. काका खिडकीशी उभे राहिले आणि मुकादम पलंगाखालून बाहेर येऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. दोघंही बराच वेळ रस्त्याकडे बघत होते.

काकांचं आडनाव काही भोंगे नव्हतं. ते बसस्थानकावर वरच्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत बसून माईकवर सूचना द्यायचे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटते आहे, कुठलीला उशीर आहे. हे काम त्यांनी इतकी वर्षं केलं होतं की खालच्या लोकांनी त्यांना भोंगा म्हणायला सुरुवात केली, आणि वय झाल्यावर त्याला आदरानं काका जोडलं. आवाज मात्र घरंदाज होता. त्या आवाजात उशिराची बातमीसुद्धा कोणाला लागत नसे. घरी आले की त्यांचा शब्द महाग व्हायचा. बायको म्हणायची, "अख्ख्या गावाला गाडी सुटल्याचं सांगता, पण घरातून कोणी निघालं की थांब म्हणायला तुमचं तोंड उघडत नाही."

रविवारी दुपारी कर्मचाऱ्यांच्या खोलीत डबे उघडले की टीव्हीवर उस्ताद लागायचा. कार्यक्रमाचं नाव काहीतरी मोठं होतं, पण सगळे त्याला उस्तादच म्हणत. वाह्यात कुत्र्याच्या घरी जायचं, दोरीला बारीकसा हिसका द्यायचा, तोंडानं एक आवाज काढायचा, आणि कार्यक्रम संपेपर्यंत कुत्रा माणसात आणायचा, एवढाच मामला. त्या रविवारी एका गलेलठ्ठ कुत्र्याची पाळी होती. तो सोफ्यावर कोणाला बसू देत नसे.

"बघा, बघा," लांबच्या गाडीवरचा ड्रायव्हर घास हातात धरून म्हणाला. "एक हिसका. ना मार, ना शिवी. सरळ झाला की नाही?"

"सरळ नाही झाला, घाबरला," तिकीट खिडकीवरच्या ताई म्हणाल्या. "कान बघा त्याचे, कसे मागे चिकटलेत. सासूबाई खोलीत आल्या की मी पण अशीच सरळ व्हायचे."

"म्हणजे शिस्त लागली ना शेवटी?"

"त्यांना वाटायचं तसं."

ड्रायव्हर हसला, पण त्यानं मुद्दा सोडला नाही. "ताई, जनावराला धनी लागतो. नाहीतर तेच धनी होऊन बसतं. त्या बाईला स्वतःच्या सोफ्यावर बसता येत नव्हतं, त्याचं काय?"

"मग तिनं आधी विचारायचं, तू सोफ्यावर का बसतोस म्हणून. तो माणूस आल्यापासून एकदा तरी विचारतो का, का करतोस असं?"

"कुत्र्याला विचारायचं?"

"तुम्हाला तरी कोण विचारतं? पण तुम्हाला वाटतंच ना, विचारावं."

चहाच्या टपरीवाला किटली घेऊन आला होता. त्याचं मत तिसरंच. "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच. हे कॅमेरेवाले गेले की हाच सोफ्यावर तंगड्या पसरून झोपणार. तेवढं काही ते दाखवत नाहीत."

"भोंगेकाका, तुमचं काय म्हणणं?" ड्रायव्हरनं विचारलं. "तुमच्याकडे तर बूटचोर आहे."

"माझं कसलं म्हणणं," काका म्हणाले. "तीनवर गाडी लागली असेल." आणि डबा अर्धा ठेवून ते वर गेले.

मुलीचा फोन त्याच आठवड्यात आला. तिनं महिन्यापूर्वीच त्या कार्यक्रमाला मुकादमाची सगळी हकिकत कळवली होती, आणि आता ते लोक यायला तयार झाले होते. तिच्या आवाजात आनंद होता. "बाबा, एक दिवसाचा प्रश्न आहे. मग मी बाळाला घेऊन येते. दर महिन्याला येते, मग तर झालं?"

काकांनी ही बातमी खाली सांगितली तेव्हा ताई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." ड्रायव्हरनं काकांच्या पाठीवर थाप मारली. काकांना मात्र दोन दिवस जेवण गोड लागलं नाही, कारण मुकादमाला ही खोड कुठून लागली हे जगात फक्त त्यांना ठाऊक होतं.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली तेव्हाची गोष्ट. सुट्टीला घरी यायची आणि रविवारी सातच्या गाडीनं परत जायची. रविवारी काका कामावर असत. काचेतून त्यांना तीन नंबरचा फलाट दिसायचा. गाडी सुटण्याआधी दोनदा सूचना द्यायचा नियम होता. मुलगी दिसली नाही की काका तिसऱ्यांदाही द्यायचे, जरा सावकाश, शब्द लांबवून. तरी ती यायची नाही. मग पुढच्या गाडीला धावतपळत यायची आणि काका घरी जाऊन बायकोला बोलायचे.

"मी काय करू? मुकादमानं बूट नेला," बायको म्हणायची. मुकादम हे नाव तिनंच ठेवलेलं. पिल्लू असल्यापासून तो सगळ्यांच्या कामावर देखरेख करायचा म्हणून.

एका रविवारी काकांना ताप होता. ते पलंगावर पडून होते. मुलगी न्हाणीघरात होती. बायको दबक्या पावलांनी दाराशी गेली, लेकीचा एक बूट उचलला, मुकादमापुढे धरला आणि हळूच म्हणाली, "ने." मुकादमानं तो तोंडात धरला आणि पळापळ न करता, एखादी जोखमीची वस्तू न्यावी तसा चालत पलंगाखाली नेला. बायकोनं त्याला बिस्किट दिलं. मग वळून बघते तर काकांचे डोळे उघडे.

ती आधी दचकली आणि मग पदर तोंडाला लावून हसली. पलंगाच्या कडेला बसून म्हणाली, "तासभर जास्तीचा मिळतो हो. तुम्ही काही थांब म्हणायचे नाही. मी म्हटलं तर ती चिडते, आई मला बांधून ठेवते म्हणते. कुत्र्यावर कोण चिडणार?"

पुढच्या रविवारपासून त्यांनी सातच्या गाडीसाठी तिसऱ्यांदा सूचना देणं बंद केलं.

बायको दवाखान्यात गेली त्या दिवशी मुकादमानं तिचीच एक चप्पल नेली. कोणी सांगितलं नव्हतं त्याला. खाली गाडी येऊन थांबली होती. काका पलंगाखाली वाकले तर ती म्हणाली, "राहू दे त्याच्यापाशी. आल्यावर घेईन." ती काकांच्या चपला घालून जिना उतरली, त्या तिला मोठ्या होत होत्या. ती आलीच नाही. तेव्हापासून मुकादम कडक झाला. आधी बिस्किट दिसलं की बूट सोडायचा, आता सोडेना. काकांना रोज कामावर निघताना स्वतःचा बूट त्याच्याकडून मागून घ्यावा लागे, आणि त्यासाठी ते लवकर उठत. ती चप्पल मात्र पलंगाखाली भिंतीशी होती तिथंच राहिली. झाडू मारताना काका ती उचलत आणि परत तिथंच ठेवत.

उस्ताद आला तो टीव्हीवर दिसायचा त्यापेक्षा बुटका निघाला. कमरेला पट्टा बांधलेला, दर थोड्या वेळानं भिंतीला पाठ टेकायचा. त्याच्याबरोबर दिव्यांची, वायरींची माणसं आली. त्यांनी टेबल हलवलं, पडदे बदलले, आणि त्यांच्यातली एक बाई काकांना म्हणाली, "काका, जरा हैराण झाल्यासारखे दिसा ना." काकांना तेवढं मात्र सहज जमलं.

मुलगी बाळाला सासरी ठेवून आली होती. तिला दिवसभर निघायला लावलं. बूट घालायला गेली की मुकादमानं तो न्यायचा, मग परत. उस्ताद कोपऱ्यात उभा राहून नुसता बघत होता. त्यानं पलंगाखाली विजेरी मारली.

"ही चप्पल कोणाची?"

"असू द्या ती," काका म्हणाले.

"शिकवणी होईपर्यंत कपाटात ठेवा. मग तुमचं तुम्ही बघा."

दुपारी बाकीचे लोक जेवायला खाली गेले. मुलगी फोनवर बाळाची चौकशी करत होती. स्वयंपाकघरात काकांनी उस्तादला चहा दिला. त्यानं तो उभ्यानंच घेतला.

"काका, चोर कुत्रा बूट घेऊन पळतो," तो म्हणाला. "हा चालत नेतो. आणि ठेवतो कसा, जोडाला जोड लावल्यासारखा. ही खोड नाही. याला कोणीतरी मन लावून शिकवलंय."

काका ओटा पुसत राहिले.

"मला काय, मी काढून टाकेन. पण एक सांगतो. मी नुसतं नको म्हणून शिकवत नाही, त्याच्या जागी दुसरं काम देतो. ते काम अंगात मुरलं की जुनं परत येत नाही. लोक म्हणतात मी हिसके देतो, घाबरवतो. म्हणोत. पण माझा कुत्रा परत बिघडला असं आजवर झालं नाही." त्यानं कप ठेवला. "काढू का?"

काकांनी खोलीकडे बघितलं. मुलगी फोनला गाल लावून बाळाशी बोबडं बोलत होती. तिची आई तिच्याशी बोलायची त्याच सुरात.

"नात यायची आहे," काका म्हणाले.

"मग काढतो."

संध्याकाळपर्यंत काम झालं. दाराजवळ एक चटई टाकली. कोणी जायला उठलं की मुकादमानं चटईवर जाऊन बसायचं. "बूट कुठे?" असं कोणी विचारलं की बूट शोधून आणून जाणाऱ्याच्या पायाशी ठेवायचा. ठेवला की शाब्बासकी आणि बिस्किट. सुरुवातीला दोरीला हिसके बसले. एका हिसक्याला मुकादमानं काकांकडे बघितलं आणि काकांनी दुसरीकडे बघितलं. मग मुकादम भराभर शिकला. हुशार तर तो होताच.

शेवटी काकांना खुर्चीत बसवलं आणि दिवे तोंडावर आले. "आता सांगा," उस्ताद टीव्हीच्या आवाजात म्हणाला, "याला इतकं कोणी बिघडवलं?"

मुलगी समोरच उभी होती. ती हसत होती, हाताची घडी घालून. काकांच्या डोळ्यांपुढून सगळं गेलं. हे देशभर दिसणार. लोक डबे खाता खाता बघणार, आणि त्या बाईचं हसं करणार, जिला आता उत्तर द्यायला येता येत नव्हतं.

"मीच," ते म्हणाले. "बायको गेल्यावर लाड केले जरा."

उस्ताद क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. मग कॅमेऱ्याकडे वळून त्यानं आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, की कुत्रा बिघडत नसतो, मालक बिघडलेला असतो. एरवी तो ते जोरात म्हणायचा.

कार्यक्रम लागला त्या रविवारी ताईंच्या खटपटीनं प्रवाशांच्या हॉलमधला टीव्हीही लावला गेला. काका जिन्यात उभे राहून बघत होते. पडद्यावर त्यांचं घर परक्याचं वाटत होतं. ते "मीच" म्हणाले तेव्हा पुढच्या बाकावरची एक बाई शेजारणीला म्हणाली, "असल्या माणसांना कुत्री पाळूच देऊ नयेत." मुकादम चटईवर जाऊन बसला तेव्हा चार लोकांनी टाळ्या वाजवल्या. ड्रायव्हरनं शिट्टी मारली.

"मानलं," तो म्हणाला. "आता तरी पटलं ना, ताई?"

"पटलं की. शिकला तो," ताई म्हणाल्या. "पण चटईवर बसून दाराकडे कसा बघत होता बघितलंत का? कोणीतरी यायचं राहिलंय असा."

"तुम्हाला सगळीकडे सासूच दिसते," ड्रायव्हर म्हणाला. टपरीवाला म्हणाला की महिन्याभरात कुत्रा मूळपदावर येतो की नाही बघा, नाहीतर नाव बदलीन. काका वर गेले आणि त्यांनी फलाट तीनची सूचना दिली.

टपरीवाल्याचं खोटं ठरलं. मुकादम मूळपदावर आला नाही. चप्पल काकांनी शिकवणी झाली त्याच रात्री कपाटातून काढून पलंगाखाली जागेवर ठेवली होती, पण मुकादम आता तिथं बसत नव्हता. सकाळी काका कामावर निघाले की तो चटईवर बसून त्यांना जाताना बघे. बूट दाराशी असत. कोणाकडे काही मागावं लागत नसे. तरी जाग जुन्या वेळेलाच यायची, आणि आवरून झालं की काकांना खुर्चीत बसून वेळ काढावा लागे. अशा वेळी त्यांना बायकोची इतकी आठवण यायची की ती दवाखान्यात गेली तेव्हासुद्धा एवढं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान कोणीतरी अडवायला होतं.

मग मुलगी बाळाला घेऊन आली. काकांनी सुट्टी घेतली होती. कपाटातली घोंगडी जमिनीवर पसरली आणि नात तिच्यावर बसली, पडली, परत बसली. मुकादमानं तिला लांबूनच हुंगलं आणि तो आपला बाजूला जाऊन पडला. नातीनं त्याची शेपटी धरली तेव्हा मुलगी पटकन पुढे सरकली, पण मुकादमानं नुसती मान वळवून बघितलं. दुपारभर काका घोंगडीच्या कडेला बसून होते. नात त्यांचं बोट धरून ओढत होती आणि ते ओढू देत होते. एकदा त्यांनी तिला माईकवरच्या आवाजात सांगितलं की फलाट क्रमांक एकवर दुधाची बाटली येत आहे. ती इतकी हसली की मुलगी स्वयंपाकघरातून बघायला आली.

"बाबा, तुम्ही माझ्याशी असं कधी बोलला नाहीत," ती म्हणाली.

"तू कधी ऐकून घेतलंस?" काका म्हणाले, आणि दोघंही हसले.

ऊन उतरलं. मुलीनं पिशवी भरायला घेतली. "निघते बाबा. सातची पकडते, म्हणजे ही झोपायच्या आत घरी."

तिनं "निघते" म्हणताच मुकादम उठला आणि चटईवर जाऊन बसला.

"किती शहाणा झालाय," मुलगी म्हणाली. "सगळं किती सोपं झालं ना?" आणि बाळाचे कपडे बदलायला ती आतल्या खोलीत गेली.

काका दाराशी उभे होते. तिचे बूट तिथं होते, दोन्ही, टोकं बाहेरच्या बाजूला. घोंगडीवर अजून खळगा होता. काकांनी मुकादमाकडे बघितलं. मुकादम चटईवर ताठ बसला होता, ड्यूटीवर असल्यासारखा. "ने," काका अगदी हळू म्हणाले. त्यानं एक कान हलवला, पण तो जागचा हलला नाही.

मग काकांनी स्वतःच एक बूट उचलला. पलंगापाशी आले, गुडघ्यांवर बसले, हातांवर आले, आणि बूट आत सरकवला. हाताला बायकोची चप्पल लागली. तिच्याशेजारी बूट ठेवून ते पलंगाचा काठ धरून कसेबसे उठले. मुलगी बाहेर आली तेव्हा ते खिडकीशी उभे राहून बाहेर काहीतरी बघत होते.

"अरे?" ती म्हणाली. एका खांद्यावर बाळ, दुसऱ्यावर पिशवी. "माझा बूट कुठे?"

हे शब्द कानावर पडायचा अवकाश, मुकादम चटईवरून उठला. काका वळेपर्यंत तो पलंगाखाली शिरलासुद्धा. बाहेर आला, बूट तोंडात धरून चालत गेला आणि तिच्या पायाशी ठेवून काकांकडे बघत बसला. बिस्किट काकांच्या खिशात असायचं.

"शाब्बास," मुलगी म्हणाली. "बघितलंत? स्वतःहून..." आणि ती थांबली. तिच्या लक्षात आलं असावं की हा तर मघापासून चटईवर होता. तिची नजर बुटावरून पलंगाकडे गेली, तिथून काकांच्या पायांकडे. त्यांच्या पँटीच्या दोन्ही गुडघ्यांवर धूळ होती.

काकांनी धूळ झटकली नाही. त्यांनी खिशात हात घातला, पण बिस्किट बाहेर काढायचं त्यांना सुचलं नाही.

शाब्बासकी मिळाली, बिस्किट नाही. मुकादमाला आपलं काम अपुरं राहिलंय असं वाटलं. तो परत पलंगाखाली गेला. या वेळी त्याला जरा वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात ती चप्पल होती. त्यानं ती मुलीच्या बुटाशेजारी ठेवली. टोक दाराकडे.

मुलीनं चप्पल ओळखली. तिला सांगावं लागलं नाही.

"तो बिघडलेला नव्हता," काका म्हणाले. "तुझ्या आईनं शिकवलं होतं त्याला. तू तासभर जास्त थांबावीस म्हणून. तुझी गाडी चुकायची ती तिनं चुकवलेली असायची." ते थांबले. "मला ठाऊक होतं."

मुलीनं पिशवी खांद्यावरून खाली घेतली. बाळाला काकांच्या हातात दिलं. मग ती जमिनीवर बसली आणि चप्पल हातात घेऊन तिनं मुकादमापुढे धरली.

"ने," ती म्हणाली. "ने रे. ठेव जागेवर."

मुकादमानं चप्पल हुंगली. तिच्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. मग तो वळला आणि चटईवर जाऊन बसला.

"तो आता नेत नाही," काका म्हणाले.

बाळानं काकांच्या शर्टाचं बटण तोंडात धरलं होतं. खालच्या रस्त्यावरून कोणाचीतरी गाडी गेली.

"बाबा," तिनं मान खाली घालूनच विचारलं, "सातनंतरची गाडी कितीची?"

इतकी वर्षं रोज सांगितलेली वेळ काकांना सांगता येईना. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. तिनं वाट बघितली नाही. ती वाकली आणि चप्पल आणि आपला बूट दोन्ही तिनं स्वतःच पलंगाखाली आत सरकवले, भिंतीपर्यंत.